चर्चमधील 'नाव'

नाताळच्या मंगल दिवसांत कृष्णेच्या उगमाकडील महाबळेश्वर-पाचगणीपासून खाली सांगली-मिरजेपर्यंत चर्चमध्ये दीप उजळतात. प्रवेशद्वारापासून वेदीकडे जाणाऱ्या ज्या लांबट दालनात भाविक बसतात, त्यास इंग्रजीत 'नेव्ह' म्हणतात. आपल्या मंदिरातील सभामंडपाचेच हे स्थान. शब्दाचे मूळ शोधू जाता वाचकांस कौतुक वाटेल. कारण 'नेव्ह' म्हणजे चक्क आपली नावच होय!

लॅटिनमध्ये 'नाविस' म्हणजे जहाज. ग्रीक 'नाउस' आणि संस्कृत 'नौ' ही त्याचीच भावंडे. जर्मन भाषेत या दालनास आजही 'शिफ', म्हणजे जहाजच, म्हणतात. त्याचे उंच छत पालथ्या नावेसारखे भासते. पण या नावामागे भावही आहे. ख्रिस्ती धर्मसंघाने आरंभीच्या शतकांपासून स्वतःस नौकेची आणि जलप्रलयातून जीवांस तारणाऱ्या नोहाच्या तारवाची उपमा दिली आहे.

ही कल्पना आपणांस परकी नाही. शतपथब्राह्मणात मनू आपली नाव मत्स्याच्या शिंगास बांधून प्रलयातून पार होतो. वाईस गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये कृष्णाघाटावर ढोल्या गणपतीचे मंदिर बांधविले. त्याची मागील भिंत मत्स्याकार आहे; पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोहों अंगांनी निघून जावे, ही त्यातील योजना.

तरीही तारणारी नाव आपोआप चालत नाही. आमचे वैयाकरण 'नौ' हा शब्द 'नुद्', म्हणजे ढकलणे, या धातूपासून साधतात. जिला ढकलावे लागते, ती नौ! ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकरांस नावेचे मोल कळले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांस घेऊन निघालेली नावच उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. नाव धड आहे काय, तीत जागा किती, हे पाणी चढण्यापूर्वीच पाहावयाचे असते.

कीर्तनात आम्ही भवसागर तरून नेणारी नामनौका वर्णितो; तीही एकट्यासाठी नसते. वेदी काय, गाभारा काय, ते स्थान देवाचे. नेव्ह आणि सभामंडप मात्र माणसांचे. तेथे शेजारी बसलेला प्रत्येक जण आपला सहप्रवासी, आणि वल्ही सर्वांनी मिळून मारावयाची आहेत.