फोटोतला बोलका चेहरा

फोटो काय, आजकाल सगळेच काढतात. गॅदरिंग झालं की मोबाईलमध्ये दोन-तीनशे फोटो जमतात. पण "हिच्या मनात काय चाललं असेल?" असं वाटायला लावणारा त्यात एखादा तरी असतो का? तसा फोटो आपोआप निघत नाही, तो घडवावा लागतो. कसा, ते सांगते. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा!)

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आहार्य म्हणजे वेशभूषा आणि रंगभूषा. आता फोटोत वाचिक शून्य, आणि आंगिक एका क्षणात गोठलेलं. म्हणजे कपडे आणि मेकअप यांच्यावर जास्त भार येतो. पण मनातला भाव, म्हणजे सात्त्विक, नसेल तर बाकी सगळं फॅन्सी ड्रेस!

म्हणून आधी भाव ठरवा आणि एका वाक्यात लिहून काढा. माझ्या मैत्रिणीच्या ताईचा फोटो काढताना आमचं वाक्य होतं, "कुणाची तरी वाट पाहून दमलेली, पण आशा न सोडलेली."

जागा निवडली भुईकोट किल्ला. काळपट दगडी तट, गर्दी कमी. (अशा जागी परवानगीचे नियम आधी विचारून घ्या.) सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारी सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि डोळेच हरवतात. डोळे गेले की भाव गेला. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तास उत्तम. प्रकाश तिरपा आणि उबदार असतो. दुपारीच काढायचा असेल तर कमानीच्या सावलीत उभं करा. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरली की झाला रिफ्लेक्टर, खर्च जवळजवळ शून्य! फोकस मात्र कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर.

वेशभूषेत नवं कोरं काही नको. ताई तिच्या आजीचं जुनं इरकल नेसली. गडद हिरवं अंग, लाल पदर. काळपट दगडासमोर नजर आधी त्या लाल रंगाकडे जाते, म्हणून पदर चेहऱ्याजवळ घेतला. वापरलेल्या कापडाच्या चुण्या आणि मऊपणा फोटोत दिसतो. दुकानातून आणलेली कडक साडी "वाट पाहणारी" वाटत नाही, "लग्नाला निघालेली" वाटते.

मेकअपचं पहिलं काम म्हणजे घामाची चकाकी घालवणं. आधी टिश्यूने टिपा, मग पातळ पावडर. फाउंडेशनचा रंग जबड्याच्या कडेला लावून पाहा. मानेशी एकजीव झाला तरच तो आपला. दमलेपण दाखवायचं होतं म्हणून ताईच्या डोळ्यांखालची वर्तुळं झाकलीच नाहीत, काजळ फक्त थोडं पसरवलं. अश्रू हवेत तर ग्लिसरीनचा थेंब गालावर ठेवा, डोळ्यात मुळीच नको.

आता थोडं इंजिनिअरिंग. साध्या मीटरिंगमध्ये कॅमेरा असं धरून चालतो, की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. संक्रांतीच्या गड्ड्यात सिद्धेश्वरांचे नंदीध्वज घेणारे भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. फ्रेममध्ये पांढरं जास्त आलं की कॅमेरा एक्स्पोजर कमी करतो आणि सावळा चेहरा काळाठिक्कर पडतो. दोष चेहऱ्याचा नाही, मीटरचा! उपाय : सावलीत घ्या आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ ठेवून पाहा. शक्य असेल तर फोटो रॉ फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिट रॉमध्ये ४०९६. एडिटिंगला तेवढा वाव मिळतो.

एडिटिंगसाठी 'गिंप' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. क्रम असा : आधी व्हाइट बॅलन्स, मग क्रॉप, मग कर्व्हज. शेवटी चेहऱ्याभोवतीचा भाग किंचित गडद करायचा आणि डोळे किंचित उजळायचे. बस!

इथेच खरा मुद्दा येतो. याच ताईचा स्थळांसाठी फोटो एका स्टुडिओत काढला होता. न विचारता त्यांनी तिला चार शेड गोरी केली, गालावरचा तीळसुद्धा पुसला. पाहुणे आले, पोहे झाले आणि एक बाई म्हणाल्या, "फोटोतली मुलगी कुठंय?" त्यानंतर ताई कितीतरी महिने कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. ब्राइटनेसचा स्लायडर सरकवायला एक सेकंद लागतो, पण तो कुणाच्या तरी मनावरून सरकतो.

२०१६ चा 'सैराट' आठवा. आपल्या करमाळा तालुक्यातले नागराज मंजुळे दिग्दर्शक, अकलूजची रिंकू राजगुरू नायिका. त्या आर्चीसाठी रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखही मिळाला. उन्हात रापलेले चेहरे अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. मग आपणच आपल्या कातडीचा रंग का खोडायचा?

किल्ल्यावर ताई सुरुवातीला खूप अवघडली होती. मी कॅमेरा खाली ठेवला, आजीच्या गोष्टी विचारल्या. बोलता बोलता ती गप्प झाली, दूर पाहू लागली, तेव्हा क्लिक केलं. एडिटिंगमध्ये रंग तिचाच ठेवला, तीळही. बायोडाटाला आता तोच फोटो आहे.

तेव्हा येत्या रविवारी आईची जुनी साडी किंवा आजोबांचा फेटा काढा, थर्माकोलची शीट घ्या आणि सकाळी लवकर बाहेर पडा. फक्त फोटो कुणाला पाठवण्याआधी ज्याचा आहे त्याला दाखवा आणि विचारा, "हा तूच आहेस ना?"