शाकारताना छप्पर बांधूनही घ्या

वैशाख लागला म्हणजे कोकणात घरोघरी शाकारणीची गडबड सुरू होते. फुटकी कौले बदलणे, कुजलेल्या रिपा काढणे, वळचण नीट करणे ही कामे पावसापूर्वी आटोपावी लागतात. ही सर्व तयारी वरून पडणाऱ्या पावसासाठी असते. छप्पर खालून उचलणाऱ्या वाऱ्याचा विचार मात्र त्या वेळी क्वचितच केला जातो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांत असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. पाऊस तोंडावर होता. पेरणीसाठी राखून ठेवलेले भाताचे बियाणेही अनेकांच्या घरात भिजून गेले.

वादळाच्या आदल्या दिवशी एका वाडीत प्रस्तुत लेखकाने पत्र्यांवर वाळूची पोती ठेवण्याचा सल्ला दिला होता. रस्ते मोकळे झाल्यावर तेथे गेलो, तेव्हा एका घराचे पत्रे शेजारच्या बागेत आणि पोती अंगणात फुटून पडलेली दिसली. घरधन्याने एकच प्रश्न केला, “साहेब, वजन तर ठेवले होते, मग छप्पर गेले कसे?” त्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

छप्पर का उडते?

जोराचा वारा छपरावरून वाहू लागला म्हणजे वरच्या बाजूस हवेचा दाब कमी होतो व छप्पर वर ओढले जाते. त्यातच वाऱ्याकडील दार किंवा खिडकी उघडली, तर आत शिरलेला वारा त्याला खालूनही रेटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो वजनाइतका भरतो. छपराच्या कडेला व कोपऱ्यात ओढ याहूनही अधिक असू शकते. दहा फूट लांब व साडेतीन फूट रुंद अशा एका पत्र्यावर ही ओढ सुमारे २०० किलोची झाली. लोखंडी पत्र्याचे स्वतःचे वजन असते पंधरा किलोच्या आसपास. त्यावर दोन पोती ठेवून काय होणार? वजन हा उपाय नव्हे; बांधणी हा उपाय होय.

बांधणीची साखळी

पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला आणि तुळई भिंतीला किंवा खांबाला घट्ट धरून असली पाहिजे. यातील एक कडी कच्ची असली तर बाकीच्या पक्क्या असून उपयोग नाही. सरळ ठोकलेला खिळा वर ओढला की सहज निघतो, हे विसरू नये.

१) पत्रे रिपांना आकड्याच्या बोल्टने किंवा रबरी वायसर लावलेल्या स्क्रूने जोडावेत. जोड पत्र्याच्या उंचवट्यावर घ्यावा. कडेला, वळचणीला व आढ्याजवळ एकाआड एक उंचवट्यावर, तर मधल्या भागात दर तिसऱ्या उंचवट्यावर जोड असावा.

२) मंगळुरी कौलांच्या मागील नाकाला छिद्र असते. त्यातून तार ओवून कौल रिपेला बांधावे. निदान कडेच्या व वळचणीच्या दोन-तीन ओळी तरी अशा बांधाव्यात.

३) वासा तुळईवर टेकतो त्या प्रत्येक ठिकाणी चार मिलिमीटर जाडीच्या जस्ती तारेचे दोन वेढे देऊन पकडीने पीळ भरावा. तारेऐवजी इंचभर रुंदीची लोखंडी पट्टी वाशावरून घालून तुळईला दोन्ही बाजूंनी आडवे खिळे ठोकले तरी चालते.

४) चिऱ्याच्या जुन्या भिंतीत माथ्यापासून तीन थर खाली आरपार भोक पाडावे. त्यातून तार घालून ती तुळईवरून आवळावी व भोक सिमेंटने बुजवावे. म्हणजे वरच्या तीन थरांचे वजन छपराच्या कामी येते. नवीन घर बांधताना तुळई धरणारी सळई बांधकामातच बसवावी.

५) वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा अधिक काढू नये. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे पडवी गेली तरी घर उघडे पडत नाही.

वादळाची सूचना मिळाल्यावर

हाताशी वेळ असेल तर छपरावर जुने मासेमारीचे जाळे पसरावे, किंवा एका वळचणीपासून दुसऱ्या वळचणीपर्यंत चार-पाच फुटांच्या अंतराने जाड दोर टाकावेत. त्यांची टोके मजबूत खांबांना, अथवा जमिनीत तीन फूट खोल पुरलेल्या ओंडक्यांना बांधावीत. कडेवर दोर घासून तुटू नये म्हणून खाली गोणपाट घालावे. नायलॉनचा दोर ताणला जातो. तो पुन्हा आवळावा. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये, तो फुटून माणूस खाली पडतो. वारा सुटल्यावर छपरावर कोणीही चढू नये. दारे-खिडक्या अडसर लावून बंद ठेवाव्यात. मध्येच वारा एकदम पडला तर वादळ सरले असे समजू नये. वादळाचा मध्य डोक्यावर असेल, तर थोड्याच वेळात उलट दिशेने तितकाच जोराचा वारा येतो. स्थलांतराची सूचना मिळाली असेल, तर घर कितीही बांधलेले असो, पक्क्या निवाऱ्यातच जावे.

आधीच तयारी हवी

अरबी समुद्रातील वादळे बहुधा मे-जूनमध्ये व पावसाळा सरल्यावर येतात. तेव्हा शाकारणीचा काळ हाच बांधणीचा काळ होय, कारण त्या वेळी छप्पर उघडलेले असते व सुतारही घरी आलेला असतो. कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाडीत एका घरावर हे काम सर्वांसमक्ष करून दाखवावे आणि प्रत्येक जोड हाताने ओढून पाहावा.

वर सांगितलेल्या घरधन्याने नवे पत्रे याच रीतीने बसवून घेतले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला समांतर, समुद्रातून पुढे गेले. त्यामुळे ती पुरी परीक्षा झाली असे म्हणता येणार नाही. परंतु त्या रात्री त्या घराचा एकही पत्रा हलला नाही आणि कणगीतले बियाणे कोरडे राहिले.