संकल्प आणि अंमलबजावणी

व्यायामाचे महत्त्व ज्यास ठाऊक नाही असा सुशिक्षित मनुष्य आज शोधूनही सापडणार नाही. आणि उद्यापासून पहाटे फिरावयास जाण्याचा बेत ज्याने कधीच बासनात गुंडाळून ठेवला नाही, असा मनुष्य सापडणे त्याहूनही कठीण. या विसंगतीचा दोष आपण सरसकट आळसाच्या माथी मारतो. मानसशास्त्राचा निर्णय मात्र निराळा आहे.

सारा मिल्न, शीना ऑर्बेल व पास्कल शीरन यांनी ब्रिटनमधील २४८ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. पुढील आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटे जोमदार व्यायाम घडतो की नाही, एवढेच पाहावयाचे होते. ज्यांना काहीच उपदेश केला नव्हता त्यांपैकी ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. हृद्रोगाचे भय व व्यायामाचे गुण सांगणारे पत्रक ज्यांना वाचावयास दिले त्यांपैकी ३५ टक्क्यांनी. परंतु तेच पत्रक वाचून वार, वेळ आणि स्थळ ज्यांनी स्वहस्ते लिहून दिले, त्यांपैकी ९१ टक्क्यांनी! उणीव इच्छेची नव्हती, तजविजीची होती. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या मते, प्रसंग आणि कृती यांची सांगड आधीच घातली, की तो प्रसंग येताच कृती जवळजवळ आपोआप सुरू होते. मनाशी वाद घालण्याची पाळीच येत नाही. आणि तो वाद टळणेच इष्ट, कारण व्यायामापूर्वी मनुष्य आरंभीच्या कष्टाकडेच पाहतो व पुढे लाभणाऱ्या आनंदाचा अंदाज कमी बांधतो, असे कॅनडातील संशोधकांना २०११ साली आढळले.

विषण्णतेने ग्रासलेल्या मनुष्याची तर उठण्याची इच्छाच नाहीशी होते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथल यांनी अशा १५६ प्रौढ रुग्णांपैकी काहींना औषध, काहींना व्यायाम आणि काहींना दोन्ही दिले. औषधाचा गुण लवकर आला खरा, परंतु सोळा आठवड्यांअखेर तिन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखीच निघाली. एवढ्यावरून चालू औषध कोणी आपल्या मर्जीने बंद करू नये; मात्र हा व्यायाम आठवड्यातून तीनदा, नेमून दिलेल्या वेळी, देखरेखीखाली होत असे, हे ध्यानात ठेवावे.

गोळी सकाळी घ्यावयाची की रात्री, जेवणापूर्वी की नंतर, हे वैद्य चिठ्ठीवर लिहून देतात. ‘व्यायाम करीत जा’ असे मोघम सांगण्याऐवजी त्याच चिठ्ठीवर वार, वेळ आणि रस्ताही रुग्णाकडूनच लिहवून घ्यावयास काय हरकत आहे?