साल निघते गिरणीत, पण काम ठरतं शेतात



*विषय : निलगिरीची तोडणी आणि ओंडक्याची साल*

"गिरणीवाला साल काढता काढता लाकूडच खातो, आणि वर भाव पाडतो," अशी तक्रार बऱ्याच सभासदांकडून येते. तक्रार खरी आहे. पण त्यामागचं अर्धं कारण आपल्या शेतात असतं. तोडणी ठरवायच्या आधी एवढं वाचा.

*साल घट्ट का बसते?*
साल आणि लाकूड यांच्या मधे एक पातळ, ओला थर असतो. झाड त्याच थरातून जाड होतं. झाड वाढीला असलं की हा थर नाजूक असतो, साल पट्ट्यांनी सुटते. वाढ मंदावली की पकड घट्ट होते. तोडल्यावर ओंडका वाळतो तसा हा थरही वाळतो आणि साल लाकडाला चिकटून बसते. निलगिरीचं तर विशेषच. ताजी साल लांब पट्टीनं निघते. वाळली की तिच्या दोऱ्या होतात आणि त्या यंत्राच्या रोलरला गुंडाळतात.

*यंत्रात काय होतं?*
गिरणीतल्या यंत्रात रोलर ओंडका फिरवतात आणि पातं किंवा दाते त्यावर दाबले जातात. ओंडका ताजा आणि सरळ असेल तर कमी दाबात साल निघते. वाळलेला असेल तर चालक दाब वाढवतो, मग सालीबरोबर लाकूडही जातं. वाकडा असेल तर खोलगट भागात साल राहते आणि उंचवट्यावर लाकूड कापलं जातं.

*हिशोब बघा*
८ इंच व्यासाच्या ओंडक्यावरून सगळीकडून फक्त दोन सूत (पाव इंच) लाकूड जास्त गेलं, तर १०० किलोतलं साधारण १२ किलो लाकूड भुशात जातं. ४ इंची ओंडक्यात तेच नुकसान २३ किलोच्या आसपास. म्हणजे बारीक माल जास्त मार खातो. गिरणीवाला हे स्वतःच्या खिशातून सोसत नाही, पुढच्या गाडीच्या भावात धरतो.

गेल्या हंगामात एका सभासदाला "भाव वाढेल, थोडं थांबा" असं मीच सांगितलं होतं. तोडलेला माल जवळपास तीन आठवडे उन्हात पडला. वजन घटलं ते घटलंच, वर साल निघेना म्हणून गिरणीनं भावही कापला. थांबायचंच होतं तर झाड उभं ठेवून थांबायला हवं होतं. चूक माझी होती, म्हणून यंदा आधीच लिहिते आहे.

*काय करायचं?*
१) आधी गाडी आणि गिरणीची तारीख पक्की करा, मगच करवत लावा.
२) तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत माल गिरणीत पोचवा. उन्हाळ्यात त्याहून लवकर.
३) फांद्यांचे खुंट खोडालगत सपाट कापा. खुंट राहिला की पातं उडी मारतं.
४) जाड, बारीक आणि वाकडा माल वेगवेगळा रचा. चालकाला दाब एकदाच लावता येतो.
५) ओंडके मातीतून ओढू नका. सालीत वाळू बसते, पात्याची धार जाते आणि बोथट पातं साल सोलण्याऐवजी लाकूड फाडतं. खाली दोन आडवी लाकडं टाकून त्यावर थप्पी लावा.
६) गाडीला उशीर झालाच तर थप्पी सावलीत ठेवा, पाला झाका, सकाळ-संध्याकाळ पाणी मारा.
७) भाव ठरवताना "सालीसकट की सोललेला?" हे आधी विचारा.

*शेतातच सोलायचं का?*
माल कापायला किंवा प्लायवुडला जाणार असेल तर साल राहू द्या. सोललेली निलगिरी उन्हात पटकन तडकते. कागद कारखान्याला किंवा खांबांसाठी जाणार असेल तर तोडल्या दिवशीच सोला. साल शेतातच पसरा, तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं, ते जमिनीला परत मिळतं.

⚠️ *ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र भाड्यानं आणणार असाल तर :* सालीच्या दोऱ्या अडकल्या की आधी पीटीओ बंद, ट्रॅक्टर बंद, यंत्र पूर्ण थांबू द्या, मगच हात घाला. उपरणं, ओढणी, पदर घट्ट खोचा. चालू यंत्रातली दोरी ओढायला जाल तर हातच आत ओढला जाईल.

तोडणीची तारीख ठरली की याच नंबरवर कळवा. जवळच्या दोन-तीन सभासदांचा माल एका गाडीत बसवता येईल, म्हणजे कुणाचाच माल पडून राहणार नाही. ओंडक्यांचे फोटो पाठवलेत तर प्रतवारी कशी करायची तेही सांगते.

– आपली कृषी सल्लागार