बीट, अळीव आणि रक्त

रक्त कमी आहे म्हटलं की घरात बीट आणि डाळिंब येतं. दोन्ही जरूर खावीत, पण त्यांत लोह फारच थोडं असतं. त्यांच्या लाल रंगाचा लोहाशी संबंध नाही. अळीव मात्र खरोखर लोहयुक्त. बाळंतिणीला अळिवाची खीर, लाडू देणाऱ्या आज्यांची निवड चोख होती. वनस्पतींतलं लोह शरीर कमीच शोषतं. जेवणात लिंबू किंवा आवळा असला की हे शोषण वाढतं, जेवणालगत चहा घेतला की घटतं.

पुनर्नवा मंडूर, लोहासव या आयुर्वेदिक औषधांत वनस्पतींबरोबर प्रत्यक्ष लोहही असतं. म्हणून ‘जडीबुटीच तर आहे’ असं समजून ती मनाने घेऊ नयेत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांचं कारण एक नसतं: पाळीत जास्त रक्तस्राव, जंत, बी-१२ ची कमतरता, नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेलही. थॅलेसेमियात तर शरीरात साचलेलं जादा लोह हृदयाला आणि यकृताला इजा करतं.

बायांनो, हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर औषधाची बाटली आणण्याआधी डॉक्टरांकडून कारण शोधून घ्या.