विसण आणि शॉवर

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी कविता लिहावी, निदान एखाद्या कादंबरीचे रसग्रहण तरी करावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र न्हाणीघरातल्या नळाविषयी लिहिणार आहे. माझे वडील नळजोडणीची कामे करतात. सुट्टीच्या दिवशी पान्यांची पिशवी घेऊन मी त्यांच्याबरोबर जातो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण या विषयातले माझे गुरू चौथीपर्यंत शिकलेले आहेत.

कढत पाण्यात गार पाणी मिसळण्याला आपण ‘विसण घालणे’ म्हणतो. बादलीत विसण घालताना हात बुडवून पाहता येते. शॉवरच्या मिक्सरमध्ये हेच काम दोन नळ्यांतल्या पाण्याच्या दाबावर सोपवलेले असते. दोन्ही दाब सारखे असतील तर पाणी हवे तसे कोमट मिळते. एक दाब भारी झाला की तो दुसऱ्या पाण्याला मागे रेटतो.

हा दाब येतो उंचीतून. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल (१६२३–१६६२) यांच्या नावाशी जोडलेले हे शास्त्र आपण शाळेत शिकलो आहोत. १० मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा ५ मीटर उंच असेल, तर दाब अर्धा किलो. मी हे पाठ केले होते. समजले मात्र गेल्या वर्षी, एका बंगल्यात.

तिथे गिझरला पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत होते आणि गार पाणी थेट नगरपालिकेच्या नळातून. सकाळी नळाला जोर असे, तेव्हा गरम पाणी मिक्सरपर्यंत येऊनही बाहेर पडत नसे. म्हणून आजीबाईंनी मूठ पूर्ण गरम बाजूच्या जवळ आणून ठेवली होती. त्या आंघोळ करत असतानाच नळ गेला. विसण थांबले आणि निव्वळ कढत पाणी अंगावर आले. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच कातडी भाजते. आजीबाईंची पाठ भाजली.

मालक गिझरला दोष देत होते. वडील म्हणाले, “गिझर बरोबर आहे, साहेब. जोडणी चुकलीय, आणि ती मीच केलीय.” धार जोरात हवी म्हणून मालकांनीच आग्रह धरला होता, पण वडिलांनी ते सांगितले नाही.

त्यांनी गार पाण्याची नळी थेट नळावरून काढून त्याच टाकीला जोडली. दोन्ही पाणी एकाच उंचीवरून येऊ लागले आणि दाब सारखे झाले. आणखी एक धोका टळला. नळ गेल्यावर टाकीतले पाणी मिक्सरमधून सार्वजनिक नळात उलटे जाऊ शकते.

टाकी एकच असूनही गरम पाणी कमी येत असेल, तर आधी एक परीक्षा करावी. एकच बादली एकदा गार आणि एकदा गरम पाण्याने भरावी व वेळ मोजावा. गरमाला फार वेळ लागला तर दोष दाबाचा नाही, अडथळ्याचा आहे. गिझरचा कॉक अर्धवट बंद असेल, मिक्सरच्या जाळीत कचरा असेल किंवा बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचले असतील. धार वाढवायला पंप बसवायचा असेल, तर तो दोन्ही पाण्यांना सामाईक असलेल्या नळीवर बसवावा. दुसरा नळ उघडताच पाणी बदलत असेल, तर दाब समतोल राखणारा व्हॉल्व्ह मिळतो. एका बाजूचा दाब उतरला की तो दुसरी बाजूही आवळतो. गिझरला हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बुजवू नये.

परत येताना मी विचारले, “बाबा, मालकांनीच सांगितलं होतं ना?”

“त्यांना ठाऊक नव्हतं रे. मला ठाऊक होतं. नाही म्हणायला हवं होतं.”

त्या दिवसाची मजुरी त्यांनी घेतली नाही.