सलग बोलण्यातून शब्द सुटे कसे होतात?

छापील मजकुरात दोन शब्दांमध्ये जागा असते. बोलण्यात ती बहुधा नसतेच. म्हणून अनोळखी भाषा ऐकताना समोरचा फार भरभर बोलतोय असं वाटतं.

मग शब्द वेगळे कसे कळतात? प्रत्येक श्रोता आपल्या भाषेच्या लयीचा आधार घेतो. इंग्रजीतले बहुतेक शब्द आघातयुक्त अक्षरानं सुरू होतात. त्यामुळे जोरकस अक्षर आलं, की इंग्रजीभाषक श्रोता तिथे नवा शब्द धरतो. फ्रेंच श्रोता अक्षरागणिक तुकडे पाडतो, तर जपानी श्रोता मात्रेगणिक. 'होंडा' त्याच्या लेखी हो-न्-दा असा तीन मात्रांचा.

लयीखेरीज आणखी एक आधार असतो: कोणत्या अक्षरामागून कोणतं अक्षर येतं. त्याची जाण तान्हेपणीच येऊ लागते. १९९६मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना 'बिडाकू', 'पाडोटी' यांसारखे चार निरर्थक शब्द एकसुरात, न थांबता, दोन मिनिटं ऐकवले. 'बि'नंतर नेहमी 'डा'च येई. 'कू'नंतर मात्र उरलेल्या तिनांपैकी कोणताही शब्द. तेवढ्यावरून बाळांना शब्दांच्या सीमा उमगल्या.

तेव्हा नवी भाषा शिकताना शब्दार्थ जरूर पाठ करा; पण ती रोज ऐकाही. लय आणि अक्षरांचे क्रम कानात बसले, की शब्द सुटे होऊ लागतात.